जावा बेटावर जन्मलेल्या या डॉक्टरमुळे आज आपला कार्डिओग्राम निघतो

स्मार्टवॉच वापरणाऱ्यांना हा प्रकार माहीत असेल. घड्याळ डाव्या मनगटावर, उजव्या हाताचं बोट घड्याळाच्या बटणावर आणि अर्धा मिनिट हालचाल न करता बसून राहायचं. तेवढ्यात स्क्रीनवर एक वरखाली होणारी रेघ सरकत जाते आणि शेवटी घड्याळ सांगतं की तुमचे ठोके नियमित आहेत, की त्यात काही गडबड वाटतेय.

आता घड्याळ इथे मोजतं काय? तर उजवा हात आणि डावा हात यांच्यामधला विजेचा अगदी बारीक फरक. डॉक्टरांच्या भाषेत याला लीड वन म्हणतात. ही जोडी, त्या रेघेवरच्या चढउतारांना दिलेली पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरं, एवढंच काय तर इसीजीच्या कागदावरच्या चौकोनांचं माप, हे सगळं एका डच माणसाने शंभरहून जास्त वर्षांपूर्वी ठरवून ठेवलंय. त्याचं यंत्र मात्र मनगटावर मावणारं नव्हतं. वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं आणि ज्याचा इसीजी काढायचा त्याने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं.

त्या माणसाचं नाव विलेम आइंटहोवेन. हृदयाचे ठोके चुकतात म्हणजे नेमकं काय होतं, हे डोळ्यांना दिसायला लागलं ते यांच्यामुळे.

वडील गेले आणि घर सुटलं

विलेमचा जन्म २१ मे १८६० चा. गाव सेमारांग, बेट जावा. आज हा भाग इंडोनेशियात येतो, तेव्हा ती डचांची वसाहत होती. वडील याकोब डॉक्टर होते. विलेम सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आईच्या पदरात सहा मुलं. काही वर्षं तिने तिथेच काढली आणि १८७० मध्ये मुलांना घेऊन ती नेदरलँड्समधल्या उत्रेख्त शहरात आली.

१८७८ मध्ये विलेमने तिथल्याच विद्यापीठात मेडिकलला प्रवेश घेतला. वडिलांच्या पावलावर पाऊल टाकायचं, असं त्याच्या डोक्यात होतं. पोरगा अभ्यासात हुशार आणि खेळातही पुढे. विद्यार्थ्यांचा नौकानयन क्लब सुरू करणाऱ्यांमध्ये तो होता, जिम्नॅस्टिक्स आणि तलवारबाजीच्या संघटनेचा अध्यक्षही होता. एकदा व्यायाम करताना तो पडला आणि मनगट मोडलं. दुसरा कुणी असता तर आराम केला असता. याने मनगट आणि कोपर नेमकं कसं फिरतं यावरच अभ्यास सुरू केला आणि त्यावर निबंध लिहून काढला.

१८८५ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय हृदयाचा नव्हता, डोळ्यांचा होता. वेगवेगळ्या रंगांमुळे वस्तू पुढे किंवा मागे असल्याचा भास कसा होतो, हे त्यांनी शोधलं होतं. पाठोपाठ लायडन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा रिकामी झाली आणि ती त्यांना मिळाली. वय अवघं २५. जावाला परतण्याचा विषय तिथेच संपला. पुढची ४१ वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, ते लायडनमध्येच राहिले.

ठोका चुकतो म्हणजे काय होतं?

पुढची गोष्ट कळायला आधी हृदयाची वायरिंग समजून घेऊ.

हृदयात चार कप्पे असतात, दोन वर आणि दोन खाली. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो स्वतःहून विजेचा इशारा देतो. इशारा आधी वरच्या कप्प्यांत पसरतो आणि ते आकुंचन पावतात. मग तो मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थांबतो आणि खालच्या कप्प्यांत उतरतो. खालचे कप्पे जोरात दाबले जातात आणि रक्त शरीरभर जातं. आराम करत असताना मोठ्या माणसात हे मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा होतं.

यात कुठेही गडबड झाली की ताल बिघडतो. इशारा नको त्या जागेवरून आला, वेळेआधी आला, वाटेत अडकला किंवा एकाच वेळी शेकडो इशारे उसळले, तर ठोके अनियमित होतात. याला म्हणतात अरिदमिया.

नाडीवर बोट ठेवून ठोके चुकतायत एवढं कळतं आणि ते माणसाला हजारो वर्षांपासून कळत होतं. पण का चुकतायत, हे नाडी सांगत नाही. नाडी म्हणजे खालच्या कप्प्याने ढकललेल्या रक्ताची लाट. वरच्या कप्प्यात काय चाललंय, इशारा कुठे अडकलाय, यातलं काही बोटाला लागत नाही. आणि कारण कळल्याशिवाय उपचार कशावर करायचा?

कुत्रा, पारा आणि खडखडणारा रस्ता

हृदयातून वीज निघते हे आइंटहोवेन यांच्या आधीच माहीत झालं होतं. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी छाती न उघडता माणसाच्या हृदयाची वीज टिपली. वॉलर यांचा जिमी नावाचा बुलडॉग होता. त्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते लोकांसमोर प्रयोग करून दाखवायचे. पण दवाखान्यात याचा फार उपयोग होईल, असं खुद्द वॉलर यांनाही वाटत नव्हतं.

१८८९ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात शरीरक्रियाशास्त्राची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे आइंटहोवेन यांनी वॉलर यांचा प्रयोग पाहिला आणि विषय त्यांच्या डोक्यात बसला.

अडचण यंत्राची होती. तेव्हा वापरायचे ते कॅपिलरी इलेक्ट्रोमीटर. काचेच्या बारीक नळीत पारा आणि त्याला लागून सल्फ्युरिक अॅसिड. वीज आली की पारा किंचित हलायचा आणि त्याच्या सावलीचा फोटो निघायचा. पण पारा सुस्त. हृदयाची वीज सेकंदाच्या छोट्याशा भागात येऊन जायची आणि पारा मागून सावकाश हलायचा. त्यात लायडनची प्रयोगशाळा जुन्या इमारतीत. बाहेरच्या रस्त्यावरून गाडी खडखडत गेली तरी पारा थरथरायचा.

आइंटहोवेन यांनी यावर गणिताचा उपाय काढला. पारा किती मागे पडतो याचा हिशेब मांडून ते मिळालेली वाकडी रेघ दुरुस्त करायचे. या दुरुस्त केलेल्या रेघेवर त्यांना पाच ठळक चढउतार मिळाले. १८९५ मध्ये त्यांनी त्यांना नावं दिली पी, क्यू, आर, एस आणि टी.

पी म्हणजे वरच्या कप्प्यांत इशारा पसरतोय. क्यू, आर आणि एस मिळून जे उंच टोक दिसतं ते खालच्या कप्प्यांचं. टी म्हणजे खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पुन्हा तयार होतायत. आज गावातल्या छोट्या दवाखान्यातल्या रिपोर्टवरही हीच अक्षरं वापरली जातात.

बाणाने काढलेला धागा

प्रत्येक ठोक्यामागे एवढं गणित करत बसणं काही दवाखान्यात चालणारं नव्हतं. मुळातच चपळ असेल असं यंत्र हवं होतं. ते त्यांनी स्वतः बनवलं आणि १९०१ मध्ये त्याची माहिती जाहीर केली. नाव होतं स्ट्रिंग गॅल्व्हानोमीटर.

यातली स्ट्रिंग म्हणजे क्वार्ट्झचा धागा, केसापेक्षा कितीतरी पट बारीक आणि वरून चांदीचा मुलामा. हा धागा काढायची पद्धत भन्नाट होती. क्वार्ट्झ वितळवायचा, तो बाणाला चिकटलेला असायचा आणि बाण सोडला की त्याच्यामागे लांबच लांब तार ओढली जायची.

हा धागा ताकदवान विद्युतचुंबकाच्या मधोमध ताणून बसवलेला असायचा. हृदयाची वीज धाग्यातून गेली की धागा किंचित बाजूला सरकायचा. त्यावर प्रकाश टाकून सावली शेकडो पटींनी मोठी करायची आणि सरकत्या फोटोप्लेटवर टिपायची. धागा इतका हलका होता की हृदयाच्या विजेसोबतच तो हलायचा आणि मागाहून गणित करायची गरज उरायची नाही. चुंबक मात्र इतका तापायचा की तो पाण्याने थंड ठेवावा लागायचा.

या यंत्रावर काढलेला इसीजी १९०२ मध्ये छापून आला. १९०३ मध्ये त्यांनी मापही पक्कं केलं. आडवा एक मिलिमीटर म्हणजे ०.०४ सेकंद आणि उभा एक मिलिमीटर म्हणजे ०.१ मिलिव्होल्ट. आपल्या घरातल्या फाईलमध्ये जो गुलाबी चौकोनांचा कागद पडलेला असतो, त्यावरचा प्रत्येक छोटा चौकोन आजही याच मापाचा असतो.

पेशंट दवाखान्यात, यंत्र दीड किलोमीटरवर

पण पेशंट हॉस्पिटलमध्ये आणि हे अवजड यंत्र प्रयोगशाळेत. यंत्र हलवता येत नव्हतं आणि गंभीर आजारी माणसालाही तिथे आणता येत नव्हतं. मग आइंटहोवेन यांनी टेलिफोनची तार वापरायची ठरवली. हॉस्पिटल ते प्रयोगशाळा अंतर साधारण दीड किलोमीटर. २२ मार्च १९०५ रोजी तारेवरून पहिला इसीजी प्रयोगशाळेत पोहोचला. तो एका धडधाकट माणसाचा होता. त्याच्या रेघेवरचे आर जरा जास्तच उंच आले, तर तो प्रयोगशाळेपासून हॉस्पिटलपर्यंत सायकल हाणत गेला होता म्हणून असं झालं असेल, असा अंदाज बांधण्यात आला.

टेलिमेडिसिन हा शब्द आपल्याकडे कोरोनाच्या काळात घरोघरी पोहोचला. त्याची एक सुरुवात ही अशी सायकलवरून झाली होती.

या तारेमुळे खऱ्या पेशंटचे इसीजी हाती येऊ लागले. १९०६ मध्ये आइंटहोवेन यांनी निरोगी आणि आजारी हृदयांच्या रेघा शेजारी शेजारी मांडल्या. खालच्या कप्प्यातून वेळेआधी येणारे ठोके त्यात होते. वरचे कप्पे अतिवेगाने धडधडणारा फ्लटर होता. आणि संपूर्ण हार्ट ब्लॉकही होता, ज्यात वरचा इशारा खाली पोहोचतच नाही. पी आपल्या वेगाने चाललेत, खालची उंच टोकं आपल्या सावकाश गतीने चाललीत आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे कागदावर स्पष्ट दिसत होतं.

एक जुनं कोडं सुटलं

डॉक्टरांना एक प्रकार बऱ्याच वर्षांपासून छळत होता. काही पेशंटची नाडी कायमच अनियमित असायची. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नाही, कुठलाच ताल नाही. स्कॉटिश डॉक्टर जेम्स मॅकेन्झी यांनी मानेतल्या शिरेच्या लाटा टिपून दाखवलं होतं की अशा पेशंटमध्ये वरच्या कप्प्याची लाट गायब असते. पण ती का गायब असते, हे कळत नव्हतं.

आइंटहोवेन यांचं यंत्र आता बाहेर विकायला लागलं होतं. लंडनमध्ये थॉमस लुईस या तरुण डॉक्टरने ते वापरलं. १९०९ मध्ये लुईस यांनी आणि व्हिएन्नात रोथबर्गर आणि विंटरबर्ग यांनी स्वतंत्रपणे उत्तर शोधलं. या पेशंटच्या रेघेवर पी नसतोच. त्याच्या जागी बारीक, वेडीवाकडी थरथर असते. वरचे कप्पे नीट दाबले जात नाहीत, ते नुसते थरथरत असतात. हेच एट्रियल फिब्रिलेशन, डॉक्टरांच्या बोलण्यातलं ए-फिब.

लुईस आणि आइंटहोवेन यांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. एकाने यंत्र दिलं, दुसऱ्याने त्याचा दवाखान्यातला अर्थ लावला. लुईस यांच्या कामाशिवाय आपल्या यंत्राला एवढं महत्त्व आलं नसतं, हे आइंटहोवेन यांनी मोकळेपणाने मान्य केलं.

पुढे १९१२ मध्ये आइंटहोवेन यांनी दोन हात आणि डावा पाय मिळून हृदयाभोवती होणारा त्रिकोण मांडला. एकाच हृदयाकडे तीन बाजूंनी पाहायची ही पद्धत. मेडिकलची पोरं आजही पहिल्या वर्षापासून आइंटहोवेनचा त्रिकोण शिकतात.

दिसलं, पण उपचाराचं काय?

आइंटहोवेन यांच्या हयातीत ठोक्यांवरची औषधं मोजकीच होती. एक होतं डिजिटॅलिस. फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाच्या पानांपासूनचं हे औषध १७८५ मध्ये विल्यम विदरिंग यांनी पुढे आणलं होतं. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये ते खालच्या कप्प्यांचा वेग आवरतं.

दुसऱ्या औषधाचं नातं थेट जावाशी आहे. १९१२ मध्ये डच डॉक्टर वेन्केबाख यांच्याकडे एक व्यापारी आला. ठोके बिघडले की आपण मलेरियावरचं क्विनाईन घेतो आणि ठोके जागेवर येतात, असं त्याचं म्हणणं. डॉक्टरांनी तपासून पाहिलं तर ते खरं निघालं. १९१८ मध्ये वॉल्टर फ्राय यांनी त्याच कुळातलं क्विनिडिन जास्त परिणामकारक असल्याचं दाखवलं. ज्या सिंकोना झाडाच्या सालीपासून ही औषधं निघतात, त्याचे सगळ्यात मोठे मळे तेव्हा जावात होते.

आज उपचार बरेच पुढे गेलेत आणि ते रेघ बघूनच ठरतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली तर पॅरालिसिसचा झटका येतो. म्हणून धोका बघून रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात. वेग आवरायला गोळ्या असतात. ताल परत आणायला विजेचा नियंत्रित झटका देता येतो किंवा नळी हृदयापर्यंत नेऊन चुकीचा इशारा देणारी जागा निकामी करता येते, ज्याला अॅब्लेशन म्हणतात.

हार्ट ब्लॉकमध्ये पेसमेकर बसवतात. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर १९५८ मध्ये स्वीडनच्या आर्ने लार्सन यांना लावला गेला. पहिला काही तासांतच बंद पडला, पुढे अनेकदा तो बदलावा लागला, पण लार्सन त्यानंतर ४० हून जास्त वर्षं जगले.

सगळ्याच चुकलेल्या ठोक्यांना उपचार लागत नाही, हेही रेघेमुळेच कळलं. एखादा ठोका मध्येच आधी येणं अनेक निरोगी माणसांतही दिसतं. याउलट खालचे कप्पे थरथरायला लागले तर माणूस तिथेच कोसळतो आणि काही मिनिटांत सीपीआर आणि विजेचा झटका मिळाला नाही तर जीव जातो. दोन्ही ठोक्यांचेच बिघाड, पण एकात धीर द्यायचा असतो आणि दुसऱ्यात धावायचं असतं.

नोबेल आणि अर्धा वाटा

१९२४ मध्ये आइंटहोवेन यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. तेव्हा ते अमेरिकेत व्याख्यानं देत फिरत होते.

या बक्षिसाबद्दल त्यांचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. ते यंत्र उभं करताना व्हॅन दे वूर्द नावाचा एक सहाय्यक त्यांच्या हाताशी होता. आइंटहोवेन यांनी बक्षिसाचा वाटा द्यायला त्याचा शोध घेतला तर तो वारलेला. त्याच्या दोन बहिणी हलाखीत दिवस काढत होत्या. त्यांना गाठून त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम दिली.

त्यांचा मुलगा, त्याचंही नाव विलेम, इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला. वडिलांच्या यंत्रात त्याने सुधारणा केल्या आणि पुढे जावातल्याच बांडुंगच्या रेडिओ प्रयोगशाळेचा तो प्रमुख झाला. वडिलांचं परतायचं राहिलेलं बेट मुलाने गाठलं. पण १९४५ मध्ये जपानी बंदिवासात त्याचा मृत्यू झाला.

ते बघायला वडील नव्हते. दीर्घ आजारानंतर २९ सप्टेंबर १९२७ रोजी लायडनमध्ये आइंटहोवेन यांचं निधन झालं. शेजारच्या ऊख्स्टखेस्ट गावातल्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलं आहे. २१ मे २०१९ रोजी त्यांच्या जयंतीला गुगलने त्यांच्यावर डूडल केलं होतं.

आपण यातून काय लक्षात ठेवायचं?

एक गोष्ट जी खुद्द आइंटहोवेन यांच्या यंत्रालाही लागू होती. इसीजी फक्त तेवढ्याच वेळाचं सांगतो जेवढा वेळ तो चालू असतो. सकाळी धडधड झाली आणि दुपारी दवाखान्यात कार्डिओग्राम नॉर्मल आला, तर सकाळी काहीच झालं नव्हतं असं नाही. अमेरिकेच्या नॉर्मन होल्टर यांनी यासाठीच सोबत बाळगायचं यंत्र बनवलं. आज डॉक्टर २४ तासांचं किंवा त्याहून जास्त दिवसांचं होल्टर लावायला सांगतात ते यामुळेच. त्यामुळे धडधड कधी झाली, किती वेळ टिकली, तेव्हा तुम्ही काय करत होता, हे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

घड्याळाचंही तेच. ते एकाच बाजूने पाहतं, दवाखान्यातला इसीजी १२ बाजूंनी. घड्याळाने गडबड दाखवली तर घाबरून न जाता ती रेघ सेव्ह करून डॉक्टरांकडे न्या. घड्याळाने सगळं ठीक म्हटलं तरी छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं यातलं काही होत असेल तर घड्याळाच्या भरवशावर बसू नका, सरळ १०८ ला फोन करा.

आणि पुढच्या वेळी घरात कुणाचा कार्डिओग्राम निघाला तर तो कागद नीट बघा. उंच टोकाच्या आधीचा छोटा उंचवटा शोधा. तो पी. १९०९ मध्ये डॉक्टरांना कोड्याचं उत्तर सापडलं होतं ते तो जागेवर नाही हे बघूनच.